गिरणगावातला पंडुरोग आणि पालेभाजी

‘पालेभाज्या खा, फळं खा’ हा उपदेश आपण लहानपणापासून इतका ऐकला आहे, की त्यामागे काही इतिहास असेल असं सहसा मनातही येत नाही. आईनं सांगितलं, बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. आपण मान डोलावली आणि पानातली भाजी कडेला सारली. पण हा उपदेश शास्त्राच्या कसोटीला कसा उतरला, याच्या कथेतलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या मुंबईत, परळला घडलं. तेच आज मला सांगायचं आहे.

साल होतं १९२८. परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये पुरुषांच्या बरोबरीनं हजारो बायकाही राबत होत्या. मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या गरोदर बायकांना त्या काळी एक आजार गाठत असे. चेहरा पांढराफटक पडायचा, चार पावलं टाकली की दम लागायचा आणि बाळंतपणाच्या आसपास कित्येकींचा मृत्यू व्हायचा. डॉक्टर त्याला गरोदरपणातला घातक पंडुरोग म्हणत. रक्त कमी झालं की लोह द्यायचं, हा नेहमीचा उपाय. इथे तो चालेना. लोह कमी पडलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या दिसत होत्या.

या कोड्याचा छडा लावायला लुसी विल्स नावाच्या चाळीस वर्षांच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. हा जंतुसंसर्ग असेल का, हे त्यांनी आधी तपासलं. तसा पुरावा मिळाला नाही. मग त्या वळल्या बायकांच्या ताटाकडे. एस. एन. तळपदे यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. खात्यापित्या घरांतल्या बायकांना हा आजार क्वचितच होई. गरिबांच्या जेवणात भाजी, फळं, दूध नावापुरतंच होतं आणि आजार तिथेच ठाण मांडून होता.

मधला काही काळ विल्स यांनी निलगिरीतल्या कुन्नूरच्या आहार संशोधन प्रयोगशाळेतही काम केलं. (हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.) आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले. अखेर मार्माइट, म्हणजे यीस्टपासून बनवलेला काळसर खारट लगदा, या बायकांना देऊन पाहिला. खाटेला खिळलेल्या बायका सुधारू लागल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. मार्माइटमध्ये असं काय होतं, ते मात्र ठाऊक नव्हतं. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ हे नाव पडलं.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चक्क चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं केलं. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचं नाव ठेवलं फोलिक ॲसिड. विल्स यांना यीस्टमध्ये ज्याचा गुण दिसला होता, ते याच जातीचं जीवनसत्त्व होतं. १९४५च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आलं. ज्या चमूनं ते केलं, त्याचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९९१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत जन्मजात व्यंग होतं अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं, तर तेच व्यंग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटतं. गरोदरपणात डॉक्टर ही गोळी देतात, त्यामागे एवढा इतिहास आहे.

म्हणजे ज्या द्रव्याअभावी गिरणगावात बायका दगावत होत्या, ते मंडईतल्या पालक-चवळईच्या जुडीत होतं. मग त्या ती खात का नव्हत्या? अडाणीपणामुळे, असं उत्तर देणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दहा तासांची पाळी करून आलेल्या बाईनं भाजी निवडायची कधी? त्याच १९२८ साली मुंबईतला गिरणी संप सहा महिने चालला. पगारच नाही, तिथे भाजी कुठून आणायची? आणि आणलीच, तरी नवरा, मुलं, सासू-सासरे जेवल्यावर पातेल्यात तिच्यासाठी उरणार किती?

गिरण्या गेल्या, प्रश्न उरला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणं अनेक आहेत आणि गोळीची जागा भाजी घेऊ शकत नाही, हे खरंच. पण रोजचं ताट हे त्यातलं मोठं कारण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या मार्गदर्शिकेत प्रौढ माणसानं दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खावीत, असं सुचवलं आहे. ती जुळवणं आजही कित्येक घरांना परवडत नाही. म्हणून भित्तिपत्रकांवरच्या घोषणेपेक्षा शाळेतल्या दुपारच्या जेवणात प्राथमिकच्या मुलांसाठी ठरवून दिलेली ५० ग्रॅम भाजी मला मोलाची वाटते. मात्र ती खरोखर ताटात पडते ना, हे गावानं पाहायला हवं.

घरात आपल्या हाती आहे ते एवढंच. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नये, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि फार उकळलं की नासतं. आणि वाढताना घरातल्या सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईची भाजी आधी काढून ठेवावी. लुसी विल्स यांच्या संशोधनाचा हा अर्थ समजायला प्रयोगशाळा लागत नाही.