नाताळचे झाड : सूचिपर्णी झाडाऐवजी घरच्या घरी काय सजवता येईल?

ख्रिसमस ट्री म्हणजेच नाताळचे झाड. येशू ख्रिस्ताच्या जन्मदिनानिमित्त, २५ डिसेंबरच्या आधी घरात किंवा चर्चमध्ये सजवले जाणारे हे झाड परंपरेने फर, स्प्रूस किंवा पाइन अशा सूचिपर्णी जातीचे असते. ही झाडे थंड प्रदेशात वाढतात. मराठवाड्यासारख्या उष्ण आणि कोरड्या भागात ती मिळत नाहीत. त्यामुळे बहुतेक घरांत प्लास्टिकचे झाड आणले जाते. पण आपल्या परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासूनही हे झाड करता येते. अजिंठा परिसरातील शेतात डिसेंबरमध्ये उभी असलेली कपाशीची पऱ्हाटी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

नाताळच्या झाडाची प्रथा कोठून आली?

बायबलमधील ख्रिस्तजन्माच्या कथेत सजवलेल्या झाडाचा उल्लेख नाही. ही प्रथा जर्मन भाषिक प्रदेशात रुजली. स्ट्रासबर्ग शहरातील १६०५ सालच्या एका नोंदीत लोक दिवाणखान्यात फरचे झाड उभे करून त्याला कागदी गुलाब, सफरचंदे आणि गोड पदार्थ लावत असल्याचे वर्णन आहे. इंग्लंडमध्ये १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र साप्ताहिकात छापून आले. त्यानंतर ही पद्धत सर्वसामान्य घरांत झपाट्याने पसरली. विजेच्या दिव्यांनी सजवलेले पहिले झाड १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरी उभे केले.

फर किंवा स्प्रूसची निवड त्या भागात ती झाडे हिवाळ्यातही हिरवी राहतात म्हणून झाली. धर्माने अमुकच झाड हवे असा नियम घातलेला नाही. म्हणूनच ही प्रथा जिथे गेली, तिथे लोकांनी आपल्या भागातील झाडे आणि साहित्य वापरले.

महाराष्ट्र आणि गोव्यातील जुने पर्याय

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. पोर्तुगीज सत्तेखाली राहिलेल्या वसई, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यावर नाताळची सजावट स्थानिक साहित्यातूनच घडत गेली.

सुरूची फांदी : किनारपट्टीवर सुरूची झाडे भरपूर आहेत. त्यांच्या बारीक, सुईसारख्या हिरव्या काड्या दुरून पाइनसारख्या दिसतात. म्हणून सुरूची फांदी कुंडीत किंवा डब्यात रोवून सजवण्याची पद्धत तेथे रूढ झाली.

चांदणी : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर रंगीत कागद, असा ताऱ्याच्या आकाराचा कंदील घराबाहेर टांगला जातो. दिवाळीचा आकाशकंदील करता येणाऱ्याला ही चांदणी वेगळी शिकावी लागत नाही.

गोठा : ख्रिस्तजन्माचा देखावा. इटलीतील ग्रेचिओ येथे १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी असा देखावा प्रथम उभारला, असे मानले जाते. गोव्यात आणि वसईत गवत, माती, दगड वापरून गोठा केला जातो. अनेक घरांत झाडापेक्षा गोठ्यालाच अधिक मान असतो.

येशूच्या कथेला देशी रूप देण्याचे काम कलेतही झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगाच्या वळणाची मराठी ख्रिस्ती गीते रचली. मूळ गोव्याचे आणि पुण्यात राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडीत रंगवले.

अजिंठा परिसरात काय वापरता येईल?

अजिंठा हे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड तालुक्यात आहे. कापूस आणि मका ही या भागातील महत्त्वाची पिके. त्यामुळे डिसेंबरमध्ये सजावटीचे साहित्य शेतातच मिळते.

१. कपाशीची पऱ्हाटी

कपाशीचे झाड खाली पसरट आणि वर निमुळते असते, म्हणजे आकाराने ते मुळातच नाताळच्या झाडासारखे दिसते. वेचणी झाल्यावर उरलेली तीन-चार फूट उंचीची, वाळलेली पऱ्हाटी घ्यावी. पाने झाडून टाकावीत आणि ती वाळू भरलेल्या डब्यात घट्ट रोवावी. एक झाड विरळ वाटले तर तीन पऱ्हाट्या एकत्र बांधाव्यात. फांद्यांवर राहिलेला पांढरा कापूस बर्फासारखा दिसतो. रिकाम्या बोंडांची टरफले चार-पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी उमललेली असतात. त्यांना सोनेरी रंग दिला की वेगळी सजावट विकत आणावी लागत नाही.

२. धाटांचे टांगते झाड

ज्वारीच्या धाटांची खेळण्यातली बैलगाडी करणे मराठवाड्यातील मुलांना नवीन नाही. त्याच धाटांचे झाडही होते. कडब्यातील नऊ सरळ धाटे घ्यावीत. सर्वांत लांब दोन फुटांचे आणि सर्वांत लहान तीन इंचांचे, अशी ती उतरत्या क्रमाने कापावीत. लांब धाट खाली आणि लहान वर ठेवून दोन्ही बाजूंनी सुतळीने ओवावे आणि भिंतीवरील खिळ्याला टांगावे. जागा अजिबात अडत नाही, म्हणून लहान किंवा भाड्याच्या घरासाठी हा पर्याय सोयीचा आहे.

३. मक्याच्या सालांची सजावट

कणसाची वाळलेली साले दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवली की मऊ होतात. मग त्यांना हवी तशी घडी घालता येते. त्यांची फुले, चांदण्या किंवा देवदूत करून दोऱ्याने बांधावेत आणि सावलीत वाळवावेत. वाळल्यावर आकार टिकून राहतो.

४. भिंतीवरचे झाड

अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांसाठी तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, चुना, हिरवी माती असे रंग वापरले गेले. लेणी क्रमांक १ आणि २ च्या छतांवर कमळे, वेली, फळे आणि हंस रंगवलेले आहेत. ही बौद्ध लेणी आहेत, त्यामुळे तेथील पूजनीय आकृती सजावटीसाठी घेऊ नयेत. पण पानाफुलांच्या नक्षीवरून प्रेरणा घेऊन जाड कागदावर किंवा जुन्या सुती चादरीवर गेरूने झाड रंगवता येते. चादर घडी घालून पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते.

५. घडीची शिडी

उघडलेल्या घडीच्या शिडीचा आकार त्रिकोणी असतो. पायऱ्यांवर लहान कुंड्या, भेटवस्तू आणि गोठ्यातील मूर्ती मांडाव्यात व कडेने दिव्यांची माळ सोडावी. सण झाला की शिडी पुन्हा कामाला येते. घरात लहान मुले असतील तर ती भिंतीला घट्ट बांधावी.

६. कुंडीतील झाड

रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे रोप बहुतेक वेळा अरौकेरियाचे असते. ते खरे पाइन नव्हे. त्याची एक लोकप्रिय जात ऑस्ट्रेलियाजवळील नॉरफोक बेटावरची आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला सावली आणि नियमित पाणी द्यावे लागते. त्याचा शेंडा तुटला तर झाड पुन्हा सरळ वाढत नाही. त्यापेक्षा काटक पर्याय म्हणजे मोरपंखी. शाळकरी मुले ‘विद्या’ म्हणून ज्याचे पान वहीत ठेवतात, तेच हे झाड. ते कुंडीत छान शंकूसारखे वाढते आणि वर्षानुवर्षे टिकते.

घरात प्लास्टिकचे झाड आधीच असेल तर?

ते टाकून देऊ नये. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. यातील मोठा वाटा प्लास्टिक तयार करण्याचा असतो. त्यामुळे असलेले झाड जितकी अधिक वर्षे वापरावे, तितके ते पर्यावरणाला कमी महाग पडते. पर्याय शोधण्याचा खरा उपयोग नवे प्लास्टिक घरी येऊ न देण्यात आहे.

कोणती काळजी घ्यावी?

आग : कापूस, धाटे आणि मक्याची साले क्षणात पेट घेतात. त्यांच्याजवळ मेणबत्ती, पणती किंवा अगरबत्ती ठेवू नये. गरम होणारे जुने बल्बही टाळावेत. सेलवर चालणारी एलईडी माळ सर्वांत सुरक्षित. झोपताना किंवा बाहेर जाताना ती बंद करावी.

बोंडअळी : गुलाबी बोंडअळीच्या अळ्या किडक्या आणि न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहतात व पुढच्या हंगामात पिकावर येतात. त्यामुळे हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत, असा सल्ला कृषी विभाग देतो. सजावटीसाठी पूर्ण उमललेली, स्वच्छ बोंडेच घ्यावीत आणि किडकी बोंडे तोडून नष्ट करावीत. नुकतीच फवारणी झालेल्या शेतातील पऱ्हाटी घरात आणू नये. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

कायदा : राखीव वनातून परवानगीशिवाय फांद्या तोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरील वृक्षतोडीबाबत १९६४ चा आणि शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. लेण्यांच्या आसपासच्या डोंगरातून फांद्या आणण्याऐवजी स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतातील, कापणी झालेल्या पिकाचे अवशेष मागून घ्यावेत.

सण संपल्यावर

अनेक ख्रिस्ती घरांत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर सजावट उतरवली जाते. त्या वेळी दिवे, दोरे आणि रंगवलेली टरफले काढून पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवावीत. रंग न लावलेली धाटे आणि मक्याची साले जनावरांच्या गोठ्याकडे किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ शकतात. पऱ्हाटी मात्र अंगणात पडू देऊ नये. तिचे बारीक तुकडे करून कंपोस्ट करावे किंवा ती लगेच चुलीत वापरावी. म्हणजे घरातला सण शेजारच्या शेतकऱ्याच्या पुढच्या हंगामाला महागात पडणार नाही.