नौगावची वखार

सरकारी बंधने आली की गांजाचा धंदा बुडतो, असे सरसकट म्हटले जाते. बंगालचा इतिहास वेगळे सांगतो. धंदा मोडतो तो माल उघडपणे विकायची वाटच बंद झाली की. राजशाही जिल्ह्यातल्या नौगावात (आता बांगलादेशात) इंग्रज सरकारने लागवड ठरावीक टापूपुरती ठेवली. परवान्याशिवाय पेरणी नाही. झाडे फुलायला आली की ‘पोद्दार’ नावाचा जाणकार शेतभर फिरून नर झाडे उपटून टाकी, कारण ती राहिली तर मादी तुऱ्यांत बी धरे आणि भाव पडे. मग तुरे पायांनी तुडवून चपटा गांजा तयार होई, वखारीत जाई आणि कर भरल्यावरच बाहेर पडे. जाच होताच, पण रयतेला राजरोस गिऱ्हाईक होते, आणि १९१७ साली तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही उभी राहिली.

सरकारचा डोळा महसुलावर होता, हा आक्षेप खरा आहे. पण गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या १८९३-९४च्या आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून सांगितले की बेताच्या सेवनाने फारसे नुकसान होत नाही, आणि बंदी घातली तर लोक याहून घातक नशेकडे वळतील. सातांपैकी दोन भारतीय सदस्यांनी मात्र आपले वेगळे मत नोंदवले. व्यसनाची त्यांची काळजी मनापासूनची होती, ती झटकून टाकता येत नाही. पण बंदीने ती मिटत नाही, हे पुढे दिसले. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने तुरे आणि चरस गुन्ह्यात ढकलले, तुऱ्यांविना असलेली पाने आणि बी वगळले. म्हणून राजस्थानात आणि उत्तर प्रदेशात पानांपासून होणाऱ्या भांगेची परवानाधारक दुकाने आजही चालतात. गांजा काही संपला नाही. परवाना, वजन, कर हे सारे सुटून तो चोरट्यांच्या हाती गेला.

नोव्हेंबर २०२१मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याच झाडाचे बी, तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केले आणि नशेच्या घटकाची मर्यादा बियांसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम ठरवली. नियम स्पष्ट आहे, पण राज्याने परवानगी दिल्याशिवाय पेरणी हा गुन्हाच. कारखानदाराला माल विकायची मुभा आणि शेतकऱ्याला तो पिकवायची मनाई, असा हा अर्धा व्यापार आहे. १९८५च्या त्याच कायद्याच्या कलम १४ खाली धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देता येते. उत्तराखंडाने २०१८ साली ती वाट धरली. बाकीच्या राज्यांनीही आता ती धरावी.