केर जातो कुठे? केरसुणीपासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/१३
परभणीच्या आमच्या घरात आजी आहे, आजीचा दमा आहे आणि आजीनेच लळा लावलेले एक मांजर आहे. तिघांनी एका छताखाली सुखाने नांदावे म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही व्हॅक्यूम क्लीनर आणला. आठवडाभरात आजीचा खोकला कमी होण्याऐवजी वाढला. यंत्र चांगले होते, चूक आमच्या समजुतीत होती. ती समजूत कुठून आली, हे शोधताना जो इतिहास हाती लागला तो आज मांडतो.

२/१३
आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. गोदाकाठच्या गंगाखेडच्या संत जनाबाई पंढरपुरी दामाशेटींच्या घरी दासी म्हणून वाढल्या. त्यांच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, झाडलोट ही कामे येतात आणि त्यांना हातभार लावायला साक्षात विठ्ठल येतो. त्याचा भक्तीतला अर्थ थोर आहेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिथे आणखी एक गोष्ट दिसते. झाडलोट हे एकटीने न सरणारे काम होते, आणि मदतीला माणूस मिळत नव्हता.

३/१३
या कामाचे साधन म्हणजे केरसुणी. अंगणाला तुराट्यांचा खराटा, घरात शिंदीच्या पानांची केरसुणी. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात. मात्र ही लक्ष्मी ज्यांच्या हातांनी वळली जाई, त्या मातंग समाजाची घरे गावकुसाबाहेर होती. वस्तू देवघरापर्यंत पोहोचली, कारागीर उंबऱ्याबाहेरच राहिला. स्वच्छतेचा कोणताही इतिहास हा प्रश्न टाळून लिहिता येत नाही.

४/१३
जुन्या पद्धतीत एक शहाणपण मात्र होते. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत जमीन मातीची असे. ती शेणाने सारवत. अंगण झाडण्याआधी पाण्याचा शिंपडा मारत. सारवणामुळे माती धरून राही, पाण्यामुळे धूळ उडत नसे. म्हणजे केर गोळा करण्याइतकेच त्याला हवेत उडू न देणे महत्त्वाचे, हे आपल्या पणज्यांना ठाऊक होते. हे सूत्र लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

५/१३
पुढे मातीची जमीन गेली आणि शहाबादी फरशी आली. हे शहाबाद गुलबर्ग्याजवळचे. परभणीप्रमाणे तेही तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्यानंतर मोझॅक आले, मग चकचकीत टाइल्स आल्या. प्राण्यांच्या जागाही बदलल्या. धान्याच्या कणगीपाशी उंदरांवर पाळत ठेवणारे मांजर पलंगावर झोपू लागले, ओसरीबाहेरचा कुत्रा सोफ्यावर बसला. जमीन गुळगुळीत झाली आणि त्याच वेळी केस घरभर झाले. टाइल्सवर केरसुणी फिरवली की हलके केस तिच्यापुढेच पळतात.

६/१३
व्हॅक्यूम क्लीनर जन्मला तो वेगळ्याच जमिनीसाठी. इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत गालिचे असत. ते बाहेर नेऊन काठीने बडवणे हा सफाईचा रूढ मार्ग होता. १९०१ मध्ये लंडनला ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. त्याच्या मनात आले, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने एका खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस काळा डाग उमटला. यंत्राचे तत्त्व सापडले होते.

७/१३
बूथचे यंत्र घोडागाडीवर होते. ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. त्याचा एक गुण सहज नजरेतून निसटतो. धूळ, मोटर आणि बाहेर पडणारी हवा हे सगळे घराच्या बाहेर असे. यंत्र पुढे घरात आले, तेव्हा ही सोयच हरवली.

८/१३
ते घरात आणले एका सफाई कामगाराने. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरी स्पँगलर एका मोठ्या दुकानात झाडलोट करत असे. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण होई. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, उशीचा अभ्रा आणि एक फिरता ब्रश जोडून यंत्र बनवले. १९०८ मध्ये पेटंट मिळाले. हक्क विल्यम हूवर या चामडी सामानाच्या उत्पादकाने विकत घेतले. जगाला नाव लक्षात राहिले ते हूवरचे.

९/१३
आता आमची पहिली चूक. स्पँगलरचा फिरता ब्रश गालिच्यात रुतलेली घाण उपसण्यासाठी होता. "पाळीव प्राण्यांसाठी खास" म्हणून मिळणारे कडक ब्रश त्याच वंशातले. गादी, सोफा, सतरंजी यांवर ते उत्तम चालतात. पण गुळगुळीत फरशीवर ते केस ओढण्याआधीच मागे भिरकावतात. परभणीतल्या बहुतेक घरांत गालिचा नसतो. म्हणून फरशीसाठी मऊ रोलर किंवा ब्रश बंद करण्याची सोय पाहावी आणि सोफ्यासाठी छोटा ब्रश वेगळा घ्यावा. ब्रशला गुंडाळलेले केस दर आठवड्याला, प्लग काढून, कात्रीने कापावेत.

१०/१३
दुसरी चूक अधिक गंभीर होती. मांजराचा त्रास केसांमुळे होतो असे आपण मानतो. वास्तविक तो मुख्यतः त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनामुळे होतो. ते अतिसूक्ष्म कणांवर बसून तासन्तास हवेत तरंगते. साध्या गाळणीतून असे कण मोटरच्या हवेबरोबर पुन्हा खोलीत येतात. केस दिसेनासे होतात, पण त्रास देणारा कण नाकाच्या उंचीवर येतो. यावरचा उपाय म्हणजे हेपा गाळणी. तिचा विकास १९४० च्या दशकात अणुबॉम्बच्या प्रकल्पात, किरणोत्सारी कण अडवण्यासाठी झाला. ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण ती अडवते. मात्र यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर उत्तम गाळणीही व्यर्थ. म्हणून गाळणीबरोबरच यंत्र पूर्ण सीलबंद आहे का, हेही विचारावे.

११/१३
भारतात हे यंत्र घरोघरी पोहोचवले ते दारावर येणाऱ्या विक्रेत्यांनी. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स स्थापन झाली आणि टाय लावलेला, हातात पेटी घेतलेला तरुण शहरी मध्यमवर्गाच्या ओळखीचा झाला. प्रात्यक्षिकात गादीतून निघालेली धूळ दाखवली जाई. ग्राहक चकित होई आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे काय, हे विचारायचे राहून जाई. आज तीच भूल वॅटच्या आकड्याने पडते. वॅट म्हणजे यंत्र खाते ती वीज, ओढ नव्हे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे अस्वच्छ राहिली नाहीत.

१२/१३
वापराविषयी थोडे. यंत्राचा आवाज मांजर-कुत्र्याला आपल्याहून तीव्र ऐकू येतो. सुरुवातीचे काही दिवस यंत्र नुसतेच खोलीत ठेवावे, मग लांबच्या खोलीत चालवावे. यंत्र घेऊन प्राण्याच्या मागे लागू नये. प्राण्याला अंगणात विंचरले तर निम्मे काम तिथेच होते. ओली घाण कोरड्या यंत्राने कधीही ओढू नये, विजेचा धोका असतो. गाळणी धुण्याजोगी असेल तर पूर्ण वाळवूनच बसवावी. यंत्रानंतर फरशी ओल्या फडक्याने पुसावी. पणजीच्या पाण्याच्या शिंपड्याचे सूत्र ते हेच.

१३/१३
आणि सर्वांत महत्त्वाचे : धुळीचा डबा रिकामा कोण करते? आमच्याकडे तो आजी करत होती, तोही बंद स्वयंपाकघरात. खोकला वाढला तो त्यामुळेच. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार विदुषीने १९८३ च्या ग्रंथात दाखवले की घरगुती यंत्रांनी गृहिणीचे श्रम कमी होण्याऐवजी स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि काम तिच्याच गळ्यात राहिले. आता डबा मी गच्चीवर नेऊन, तोंडाला रुमाल बांधून, पिशवीत रिकामा करतो. आजीचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच आहे, खोकला उतरला आहे आणि मांजर पलंगावरच झोपते.

केर नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. केरसुणी असो वा यंत्र, तो कुठे जातो आणि कोणाच्या श्वासात जातो, हे आधी विचारावे. जनाबाईंच्या मदतीला विठ्ठल आला होता. आपल्या घरातल्या जनीसाठी आपण उठलो तरी पुरे.

(समाप्त)