भरल्या ताटावरचा उपास

मंडळी, घरात दाणा नाही म्हणून उपाशी राहिलेली माणसे आपल्या मुलखाला नवी नाहीत. दुष्काळाच्या गोष्टी आजीच्या तोंडून आपण ऐकलेल्या आहेत. पण कणगी भरलेली आहे, आई ताट वाढून बसली आहे, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी महिनोन् महिने दोन घास खाऊन उठते. हाडांचा सापळा झाला तरी “मी जाडच आहे” म्हणते, हे कसले दुखणे? आपण म्हणतो नखरे, हट्ट. कोणी म्हणतो बाहेरची बाधा. डॉक्टरांनाही हे कोडे नीट उलगडायला फार काळ लागला. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दोन रोगी असे नोंदले की ज्यांना ना ताप होता ना खोकला, तरी ते झिजत चालले होते. एक मुलगी होती. तिचे दुखणे १६८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी सुरू झाले. पाळी बंद झाली, अन्नावरची वासना उडाली, तरी रात्र रात्र पुस्तकात डोके. डॉक्टरांकडे ती आली तोवर दोन वर्षे गेली होती. औषधाला ती कंटाळली आणि पुढे वारली. दुसरा रोगी सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याला अभ्यास सोडून खेड्याच्या मोकळ्या हवेत राहायला आणि दूध घ्यायला सांगितले. तो बराच सावरला. हे दुखणे मुलींचेच असते असे म्हणणाऱ्यांनी हा मुलगा लक्षात ठेवावा.

मग १८७३ साल उजाडले. पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल, दोघांनी एकाच वर्षी या रोगाचे वर्णन केले. गल यांनी ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. त्याचा अर्थ मनोविकाराने भूक जाणे. नाव थोडे फसवे आहे बरं का! भूक पुष्कळदा असते. रोगी ती दाबून धरतो. गल यांची एक रोगी सतरा वर्षांची, वजन ८२ पौंड. ऊब द्यायची आणि थोड्या थोड्या वेळाने खाऊ घालायचे, हा त्यांचा उपचार. ती १२८ पौंडांवर आली.

पण गल यांचे एक मत फार दूरवर गेले. अशा रोग्याची शुश्रूषा करायला घरचे नातेवाईक सर्वांत वाईट, असे ते म्हणत. लासेग यांनीही पाहिले होते की घरची माणसे एकतर विनवण्या करतात नाहीतर धाक घालतात, आणि दोन्हींनी मुलगी अधिकच अडून बसते. निरीक्षण खरे होते. त्यातून निघाले मात्र भलतेच: मुलीला आईबापांपासून तोडा! कित्येक वर्षे हाच रिवाज राहिला, आणि आईच्या माथी दोष बसला तो बसलाच.

या गोष्टीवर खरा उजेड पडला तो एका वेगळ्याच प्रयोगाने. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीने, सहा महिने निम्म्या अन्नावर ठेवले. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. आणि मने? ती माणसे दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके जमवू लागली, एकेक घास बराच वेळ चघळू लागली, चिडू लागली, एकलकोंडी झाली. पोटभर मिळू लागल्यावरही काहींचे खाणे आवरेना. म्हणजे जी विचित्र वागणूक आपण हट्ट समजतो, तिच्यातली बरीचशी उपासमारच घडवते. म्हणून आधी वजन सावरावे लागते. उपाशी डोक्यापुढे नुसता उपदेश वाया जातो. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरे, कारण फार खंगलेल्या देहात एकदम अन्न गेले तर रक्तातले क्षार घसरून जीवावर बेतते.

आपला एकादशीचा उपास याहून निराळा, हे सांगायला नकोच. “एकादशी अन् दुप्पट खाशी” म्हणून आपण त्याची थट्टाही करतो! द्वादशीला पारणे असते. या रोगाला पारणे नसते.

१९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी याचेच भावंड ओळखले, ‘बुलिमिया’. यात रोगी चोरून भरमसाट खातो आणि ओकून टाकतो. वजन ठीकठाक दिसते, म्हणून घरात कुणाला सुगावा लागत नाही. दात मात्र झिजतात, हृदयाला धोका होतो.

रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९८७ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातला अनुभव छापला. रोग एकोणीस वर्षांच्या आत जडलेला आणि तीन वर्षांहून जुना नसेल, तर आईबापांना बरोबर घेऊन केलेला उपचार अधिक गुणकारी ठरला. शंभर वर्षे ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांनाच आत बोलावले. गुरुजींनी आणि बाईंनी यातली ती तीन वर्षांची गोष्ट ध्यानात घ्यावी: डबा रोज तसाच परत जातो, मुलगी वाळत चालली आहे, घेरी येते, तर घरी निरोप धाडायला उशीर करू नये. जिल्हा रुग्णालयात दाखवावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

मॉडस्लीच्या रीतीत सुरुवातीलाच एक दिवस असा येतो की घरची मंडळी जेवण बांधून दवाखान्यात घेऊन येतात. सगळे एकत्र बसतात. डॉक्टर बाजूला बसून आईबापांना धीर देत राहतो. न रागावता, न रडता, मुलीने ठरवले असेल त्याहून एकच घास जास्त तिच्या पोटात जावा, एवढेच त्या दिवशीचे काम असते.