भूमीच्या उच्छ्वासाची मोजदाद

नेपल्सच्या पश्चिमेस काम्पी फ्लेग्रेई नावाचा जो ज्वालामुखी मुलूख पसरला आहे, त्यातील आन्यानो सरोवराकाठची श्वानगुहा कित्येक पिढ्या परदेशी प्रवाशांच्या कुतूहलाचा विषय होती. गुहेच्या तळाशी साचणारा वायू हवेहून जड असल्यामुळे उभ्या माणसास त्याची बाधा होत नसे. परंतु रखवालदाराने बिदागी घेऊन आत नेलेला कुत्रा अल्पावधीत मूर्च्छित पडे आणि सरोवराच्या पाण्यात बुडवून त्यास शुद्धीवर आणण्याची खटपट होई. मुक्या जिवाच्या यातनांवर चाललेल्या त्या खेळाचे वर्णन आजही मन विषण्ण करते.

अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक याने या वायूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, गुणधर्म प्रयोगाने सिद्ध केले. १८४१ साली व्हेसुव्हियसवर वेधशाळा स्थापन होऊन ज्वालामुखीची नोंद ठेवणे हे सरकारी कर्तव्य ठरले. तथापि अभ्यासकांची दृष्टी प्रायः मुखातून आणि भेगांतून उसळणाऱ्या वाफांवरच खिळलेली असे. साध्या मातीतून निमूटपणे झिरपणाऱ्या वायूचे महत्त्व किती, हे कॅलिफोर्नियातील मॅमथ पर्वताने दाखवून दिले. तेथे १९८९ मध्ये भूकंपांची मालिका झाली आणि पुढील वर्षापासून उभी झाडे वाळू लागली. प्रथम संशय अवर्षणावर व किडीवर गेला. १९९४ मध्ये माती तपासली तेव्हा मुळांभोवती कार्बन डायऑक्साइड दाटून प्राणवायूचा मार्ग खुंटल्याचे उघड झाले.

शिलारस वर चढू लागला असता हा वायू इतर बहुतेक वायूंच्या आधी, पुष्कळ खोलीवरच, त्यातून विलग होतो. म्हणूनच त्याच्या मोजदादीस मोल आहे. शेतजमिनीचे श्वसन मोजणाऱ्यांची एक रीत जोव्हान्नी किओदिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ज्वालामुखींवर रूढ केली: जमिनीवर पालथे पात्र ठेवावे, आतील वायू किती वेगाने वाढतो हे अवरक्त किरणांच्या यंत्राने पाहावे आणि त्यावरून उत्सर्जन काढावे. पाऊस, वारा, हवेचा दाब आणि मातीतील सूक्ष्मजीव यांचाही परिणाम मापनावर होत असल्याने एखाद्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे अविचाराचे ठरते. वर्षानुवर्षांचे अखंड दप्तरच पाताळातील खरा पालट दाखवू शकते.

१९८२ ते १९८४ या काळात याच काम्पी फ्लेग्रेईतील पोझ्झुओली शहराची भूमी सुमारे १.८ मीटर उचलली गेली आणि सुमारे ४०,००० रहिवाशांना घरे सोडावी लागली. अशा भूमीवर आजही लाखो लोक संसार करीत आहेत. उद्रेकाची तिथी सांगण्याचे सामर्थ्य या मापनात नाही. परंतु पूर्वी जो वायू पैसे मोजून पाहावयाचा चमत्कार होता, त्याचा हिशेब आता तेथील रहिवाशांच्या रक्षणासाठी ठेवला जातो, हा बदल मला विज्ञानाच्या कोणत्याही विजयाइतकाच आदरणीय वाटतो.