मुक्त व्याख्यान आणि भाषेचा उंबरठा : कोलकाता व मुंबई विद्यापीठांतील दाननिधी-व्याख्यानांचा विचार

१८५७ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन धर्तीवर परीक्षा घेणारी व पदव्या देणारी विद्यापीठे होती. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई. विद्यापीठाने स्वतः अध्यापन करावे, ही कल्पना कायद्याच्या पातळीवर १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने स्पष्टपणे मान्य झाली आणि तिला मूर्त रूप येण्यास त्यानंतरही काही वर्षे लागली. मधल्या अर्धशतकात विद्यापीठाने स्वतःच्या नावाने जे थोडे ज्ञानदान केले, ते मुख्यतः दात्यांनी दिलेल्या निधींतून चालणाऱ्या व्याख्यानमालांच्या द्वारे. या व्याख्यानांना परीक्षा नव्हती आणि त्यांच्या अखेरीस पदवीही मिळत नव्हती. उच्च शिक्षणाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा नामावलीपुरताच येतो. तथापि, विद्यापीठ आपला श्रोता कोणाला मानत होते, हे समजून घेण्यासाठी या व्याख्यानांइतके बोलके साधन दुसरे नाही.

१. पूर्वपीठिका

नागरिकांसाठी विनामूल्य विद्वद्व्याख्याने ही कल्पना युरोपात जुनी आहे. पॅरिसमधील कॉलेज द फ्रान्स या संस्थेचा उगम १५३० सालचा. तेथील व्याख्याने नावनोंदणी व शुल्क यांवाचून सर्वांना खुली असतात. लंडनचे व्यापारी सर टॉमस ग्रेशम यांच्या मृत्युपत्रानुसार १५९७ मध्ये ग्रेशम कॉलेज सुरू झाले. खगोलशास्त्र, भूमिती, वैद्यक, विधी, वक्तृत्व, संगीत आणि धर्मशास्त्र या सात विषयांच्या प्राध्यापकांनी शहरवासीयांसाठी व्याख्याने द्यावीत, अशी तेथील योजना होती. व्याख्यान एकदा लॅटिनमध्ये व एकदा इंग्रजीत द्यावे, असा दंडक होता. संगीताचे पहिले प्राध्यापक जॉन बुल यांना लॅटिन येत नसल्यामुळे त्यांना केवळ इंग्रजीत बोलण्याची मुभा मिळाली. विद्वानांची भाषा आणि शहरातील व्यापाऱ्या-कारागिरांची भाषा यांतील अंतर संस्थेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली जेम्स स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर येथे सुरू केलेल्या विस्तार-व्याख्यानांत भाषेचा प्रश्न नव्हता. तेथे अडसर होता तो शुल्काचा. भारतात या दोन अडसरांचा क्रम उलटा लागला. शुल्काचा प्रश्न प्रथम सुटला, भाषेचा मात्र दीर्घकाळ तसाच राहिला.

२. प्रसन्नकुमार ठाकूर यांचे दानपत्र

पाथुरियाघाटच्या ठाकूर घराण्यातील नामांकित विधिज्ञ प्रसन्नकुमार ठाकूर हे १८६८ साली निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये कोलकाता विद्यापीठात टागोर विधी-प्राध्यापकपद निर्माण झाले. वार्षिक दहा हजार रुपये हे त्या काळी फार मोठे वेतन या पदासाठी ठरविण्यात आले होते. त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या दानपत्रातील अटी. प्राध्यापकाने दरवर्षी कोलकाता शहरात विधिविषयक एक संपूर्ण व्याख्यानमाला द्यावी. विद्यार्थी आणि उपस्थित राहणाऱ्या अन्य व्यक्ती यांच्याकडून कोणतेही शुल्क घेऊ नये. व्याख्याने संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती छापावीत आणि किमान पाचशे प्रती विनामूल्य वाटाव्यात.

'अन्य व्यक्ती' हे दोन शब्द येथे अर्थपूर्ण आहेत. ज्याचे नाव कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नाही, त्यालाही विद्यापीठाच्या ज्ञानावर हक्क आहे, हे तत्त्व त्यांत अंतर्भूत आहे. छपाईची अटही तितकीच दूरदृष्टीची होती. सभागृहात येऊ न शकणाऱ्यापर्यंत शब्द पोहोचावा, ही सोय दात्याने आधीच करून ठेवली. १८७० च्या हर्बर्ट कॉवेल यांच्या हिंदू कायद्यावरील व्याख्यानांपासून जी ग्रंथमाला निर्माण झाली, तिच्यात गुरुदास बंद्योपाध्याय यांचा विवाह व स्त्रीधन यांवरील ग्रंथ (व्याख्याने १८७८) यांसारखे न्यायालयांत दीर्घकाळ आधारभूत ठरलेले ग्रंथ आहेत. मात्र हे सर्व ज्ञान इंग्रजीत होते. ज्या स्त्रियांच्या स्त्रीधनाचा ऊहापोह त्या सभागृहात झाला, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना तो वाचता आला असता.

३. मुंबई व पुणे : १८७५ ते १८७७

मुंबईत विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच, १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापक यांच्या मंडळीतून ज्ञानप्रसारक सभांच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या होत्या आणि त्यांत देशी भाषांतून निबंधवाचन होत असे. मराठी शाखेची धुरा दादोबा पांडुरंग यांच्याकडे होती. नव्या विद्येचे विवेचन मराठीत करता येते, याचा दाखला त्या काळीच मिळाला होता.

१८७५ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, डॉ. जॉन विल्सन यांच्या गौरवार्थ स्थापन झालेल्या निधीतून मुंबई विद्यापीठाची पहिली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दिली. रानडे आणि भांडारकर हे १८६२ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या चौघांपैकी दोघे. या सहाध्यायांपैकी एकाचा मंच विद्यापीठाबाहेरचा आणि मराठीचा, दुसऱ्याचा विद्यापीठातला आणि इंग्रजीचा, हा योगायोग विचारात घेण्याजोगा आहे.

भांडारकरांच्या सात व्याख्यानांत संस्कृत, पाली, प्राकृत व अपभ्रंश येथपासून मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी, बंगाली इत्यादी आधुनिक भाषांच्या ध्वनी व रूपांपर्यंतचा विकास उलगडलेला आहे. मराठी ही शिस्तबद्ध ध्वनिनियमांनी घडलेली, स्वतःचा सलग इतिहास असलेली भाषा आहे, हे शास्त्रीय पातळीवर दाखविणाऱ्या आरंभीच्या विवेचनांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. परंतु मराठीची ही वंशावळ सांगितली गेली ती इंग्रजीत. काही भाग एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आले, तरी समग्र ग्रंथ निघाला तो १९१४ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. प्रसन्नकुमारांच्या दानपत्रातील सहा महिन्यांच्या मुदतीशी तुलना केली असता, छपाईची अट किती मोलाची होती हे कळून येते. गुजरातीची स्थिती वेगळी नव्हती. नरसिंहराव दिवेटिया यांची गुजराती भाषा व साहित्य यांवरील विल्सन व्याख्यानेही इंग्रजीतच झाली.

याचा दोष भांडारकरांवर टाकणे अन्यायाचे होईल. भारतीय भाषांचा अभ्यास युरोपीय भाषाशास्त्राच्या तोडीस आणून दाखविणे, हे त्या पिढीपुढचे कार्य होते आणि त्यासाठी ती भाषा अपरिहार्य होती. व्याख्यान मद्रास, कोलकाता, लंडन येथील विद्वानांपर्यंत पोहोचले, हा लाभ मोठाच होता. मात्र त्या लाभाची किंमत मराठी श्रोत्याने मोजली.

४. कमला व्याख्याने आणि रवींद्रनाथ

कोलकात्यात हा प्रश्न प्रथम निधीच्या नियमांतच सोडविण्याचा प्रयत्न झाला. सर आशुतोष मुखर्जी यांच्या कुलगुरुपदाच्या काळात विद्यापीठ खऱ्या अर्थाने अध्यापन करू लागले. भांडारकरांचे पुत्र देवदत्त भांडारकर १९१७ पासून तेथे कारमायकेल प्राध्यापक होते आणि प्राचीन भारताच्या इतिहासावरील त्यांची १९१८ ची व्याख्याने प्रसिद्ध आहेत. १९१९ मध्ये देशी भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू झाला. १९२३ साली आशुतोषांची कन्या कमला हिचे निधन झाले. तिच्या स्मरणार्थ त्यांनी जो निधी दिला, त्यातील व्याख्याने भारतीय जीवन व विचार यांवर असावीत आणि ती बंगालीत किंवा इंग्रजीत द्यावीत, असे ठरले. अॅनी बेझंट, श्रीनिवास शास्त्री हे आरंभीचे व्याख्याते इंग्रजीत बोलले. 'किंवा' या शब्दाने उघडलेल्या दारातून रवींद्रनाथ ठाकूर १९३३ च्या जानेवारीत आत आले. 'मानुषेर धर्म' ही त्यांची कमला व्याख्याने बंगालीत झाली. ऑक्सफर्ड येथे १९३० साली याच विषयावर ते इंग्रजीत बोलले होते. त्याच विचाराला विद्यापीठाच्या मंचावर मातृभाषेत स्थान मिळाले.

पुढच्याच महिन्यात याच विद्यापीठात त्यांनी 'शिक्षार बिकिरण', म्हणजे शिक्षणाचा प्रसार, या विषयावर व्याख्यान दिले. जुन्या ग्रामसमाजात कथाकथन, यात्रानाट्य यांच्याद्वारे विद्या खालपर्यंत झिरपत असे. नव्या शिक्षणाने तो ओघ तोडला, असा त्यांचा आशय होता. मराठी वाचकाला येथे कीर्तन, प्रवचन आणि पुराणश्रवण आठवल्यावाचून राहणार नाही. त्यांना प्रवेशपट नव्हता, वयाची अट नव्हती आणि भाषा श्रोत्याचीच होती. मात्र तेथील बैठकीलाही जातीची व रूढीची बंधने होती, हे विसरता येत नाही. विद्यापीठाच्या मुक्त व्याख्यानाचे वचन अधिक व्यापक होते. त्याची पूर्तता मात्र अर्धी राहिली.

५. पुढील वाटचाल

मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९४२ मध्ये महाभारताच्या अर्थावर व्याख्याने देण्यास आरंभ केला. २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाल्याने चौथे व्याख्यान राहूनच गेले. ती इंग्रजी व्याख्याने ग्रंथरूपाने १९५७ मध्ये आली. भाषा आणि छपाई या दोन्ही बाबतींत विल्सन व्याख्यानांचाच अनुभव येथे पुन्हा आला.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी प्रदेशातील विद्यापीठांनी 'बहिःशाल शिक्षण' ही संज्ञा रूढ केली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला महाविद्यालयांच्या साहाय्याने गावोगावी नेली गेली. तिची भाषा मराठी होती, आणि १८७५ चा पुण्यातील मंच व १८७७ चे मुंबईतील सभागृह यांतील अंतर येथे प्रथमच विद्यापीठाच्या अधिकृत कार्यात भरून निघाले. २०१७ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'स्वयं' या आंतरजालीय व्यासपीठावर विद्यापीठीय व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. शुल्क आहे ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. प्रसन्नकुमारांच्या अटींपैकी निःशुल्कता आणि सर्वत्र उपलब्धता या दोन्ही येथे त्यांच्या कल्पनेपलीकडे पूर्ण झाल्या आहेत. तरीही तेथील बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. दार उघडे असणे आणि उंबरठा ओलांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोलकाता व मुंबईच्या दीडशे वर्षांच्या अनुभवाचे सार आहे. कमला निधीच्या नियमातला तो एक 'किंवा' म्हणूनच प्रत्येक नव्या योजनेच्या आरंभीच लिहिला जाणे अगत्याचे आहे.