मृतांची तसबीर आणि घरातील भिंत

मृत आप्ताची तसबीर घरात लावावी की नाही, आणि लावावी तर कोठे, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही दबल्या आवाजात विचारला जातो. देवघरात नको, निजण्याच्या खोलीत नको, जिवंत माणसाच्या तसबिरीशेजारी तर मुळीच नको. दक्षिणेच्या भिंतीवर लावा, असे एक जण सांगतो. तसबिरीचे तोंड दक्षिणेकडे हवे, म्हणजे भिंत उत्तरेची, असे दुसरा. आणि हवाला दोघेही शास्त्राचाच देतात!

हे शास्त्र किती जुने? छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जगापुढे आली ती १८३९ साली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या काळातील सभासदांपैकी होत. तेव्हा हे नियम दोनशे वर्षांचेही नाहीत. दक्षिण ही यमाची आणि पितरांची दिशा, ही कल्पना मात्र फार प्राचीन. श्राद्धात पिंडदान दक्षिणेकडे तोंड करूनच होते. जुनी दिशा नव्या वस्तूला चिकटली, इतकेच.

देवघराची गोष्ट याहून मौजेची आहे. महाराष्ट्रातील अनेक कुळांच्या देवघरांत खंडोबा-भवानीच्या टाकांबरोबर पूर्वजांचेही टाक असतात. नाशकात धूलिवंदनाच्या दिवशी अशा वीरांना वाजतगाजत गोदावरीवर नेऊन स्नान घालतात. ज्याच्या चांदीच्या प्रतिमेला गंधफूल वाहावयाचे, त्याच्याच कागदी प्रतिमेने दोष कसा लागतो, हे आम्हांला तरी उलगडलेले नाही.

फरक आहे तो चेहऱ्याचा. टाकावरचा वीर कोणासारखाच दिसत नाही. तसबिरीतला बाप मात्र आपल्याकडे पाहत असतो. दुःख ताजे असता ती नजर सोसवत नसेल, तर चार महिने तसबीर खुशाल उतरवून ठेवावी. त्यात भोळसटपणा काही नाही.

परंतु आमच्या पाहण्यातील एका घरी दुखणे लांबले, तेव्हा कोणी सांगितले म्हणून पणजोबांची एकुलती एक तसबीर माळ्यावर गेली. तिची मूळ काच छायाचित्रकाराकडून केव्हाच नाहीशी झालेली. दुखणे औषधाने बरे झाले. तसबीर तेथेच राहिली. पंधरा वर्षांनी ट्रंक उघडली, तो पगडीचा काठ आणि हातातली काठी तेवढी शिल्लक. चेहरा कसरीने खाल्लेला. घरातील मुले आम्हांला विचारीत होती, पणजोबांचे नाक आमच्यापैकी कोणासारखे होते?